बगळ्याचं पेन

संगमनेर,
ता. २७ ऑक्टोबर १९७१

चि. बन्सीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. कोण आलं, कोण गेलं, ते दादा तुला लिहितीलच. मी एकाच गोष्टीसाठी लिहायला बसले आहे. माझ्या पेटीतलं एक पेन दादांनी परक्या माणसाला देऊन टाकलं. मला न विचारता. मी घरात असताना. कोणतं दिलं ते कागदावर उतरवायलाही मन घेत नाही.

पेटी मी पाथर्डीला बरोबर नेते हे तुला ठाऊक आहे. इथली खोली भाड्याची, कुलूप नावाला. दरवेळी निघण्याआधी सहाही पेनं रिकामी करायची, थंड पाण्यानं धुवायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि आपापल्या खाचेत निजवायची. यंदाही तसंच केलं होतं.

पाडव्याला दादांकडे मुंबईचे एक पुढारी जेवायला होते. श्रीमंतराव नाव. दादांना विधानसभेचं तिकीट हवं आहे आणि ते या गृहस्थांच्या शब्दावर मिळतं म्हणे. मी पंगतीत पुरणपोळी वाढत होते. श्रीमंतरावांनी खिशातून एक पेन काढून शेजारच्याला दाखवलं. "आबासाहेबांनी दिलं. जपानी आहे. वर सोन्याचं काम बघा."

बन्सी, माझं पेन मी अंधारातसुद्धा ओळखीन. माझ्या हातातलं ताट कलंडलं.

"हे माझं आहे," मी म्हणाले.

मग दादा मोठ्यानं हसले. "आमची बहीण मास्तरीण हाय. पेन दिसलं की तिला आपलंच वाटतं." आणि सगळे हसले! श्रीमंतरावांनी टोपण ओढून काढायला बघितलं. ते फिरवून उघडायचं असतं हेही त्यांना माहीत नाही. कसंतरी टोपण निघाल्यावर तळहातावर रेघ ओढली, उठली नाही, तसं तापमापक झटकावं तसं झटकलं. "चालत नाही वाटतं," म्हणाले आणि खिशात घातलं.

पाहुणे गेल्यावर मी दादांपुढे उभी राहिले. म्हटलं, "ते पेन परत आणा."

"आगं, पाच राहिलीत की. एका बाईला पेनं लागत्यात किती?"

"एका डोक्याला फेटे किती लागतात?" मी विचारलं. ते उठून मळ्यात गेले.

एका हाताला सहा पेनं कशाला, हे शाळेतल्या बाईही विचारतात. त्यांना मी सांगत नाही, तुला सांगते. सोमवारी काळं घेते, मंगळवारी तपकिरी. ते तपकिरी तू आणलंस तेव्हा जवळजवळ काळंच होतं. आता टोपणाच्या कडेला आतला लाल रंग वर यायला लागला आहे, पिकत्या जांभळासारखा. दरवर्षी थोडा जास्त दिसतो. एखादी वस्तू वापरून वापरून जुनी होण्याऐवजी उजळत जाते, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. हातात घेतलं की लोखंडासारखं गार लागत नाही. कुणी नुकतंच हातातून खाली ठेवल्यासारखं ऊबदार लागतं. शिंपल्याचे तुकडे बसवलेलं पेन मी उन्हात नेत नाही, फक्त खिडकीपर्यंत नेते आणि दोन मिनिटं फिरवत बसते. एवढंच माझं व्यसन. कुणाला त्रास नाही, कुणाचं काही अडत नाही.

आणि त्यातलं एक, ज्याला टोपण उघडता येत नाही, त्याच्या खिशात आहे.

तू दादांना लिही. तुझं ते ऐकतील.

तुझी,
मालनआक्का


कोबे बंदर, जपान
ता. २४ नोव्हेंबर १९७१

ती. आक्कास,
बन्सीचा सा. नमस्कार.

तुझं पत्र एजंटाच्या हापिसात पंधरा दिवस पडून हुतं. आम्ही मुरगावहून लोखंडाची माती भरून इथं आलो, उतरायला आठवडा लागंल.

आक्का, तू लई मनाला लावून घेतलंस. दादांचं चुकलंच, पण त्यांच्या जागी बसून बघ. तिकिटाचा प्रश्न. पुढारी घरी आलेला. त्याच्या हातात काय ठेवायचं, नारळ? त्यांना मोठेपणा मिळाला तर तो आपल्या घरालाच मिळंल. बगळ्याचं पेन गेलं ते गेलं, त्यात सोनं जास्त म्हणून तेच डोळ्यात भरणार. मी तुला दुसरं आणतो.

काल आपल्या पेनवाल्या म्हाताऱ्याकडं गेल्तो. तीच टेकडीवरची बोळ, तेच पायानं चालवायचं लेथ. त्याच्या लेथाचा कणा परत हलायला लागला हुता, मी नीट बसवून दिला. मागं म्हणूनच तर त्यानं मला पेनं परवडतील अशी दिली, नाहीतर आमच्यासारख्या जहाजावरच्या फिटरानं ती काचेतूनच बघायची. आतल्या खोलीत नेलं त्यानं ह्या वेळी. पेनावर रंग म्हणून झाडाचा चीक लावतो ना, तो अंगावर बिब्ब्यासारखा उततो. त्याच्या नव्या माणसाचं तोंड सुजून भोपळा झालं हुतं. अन् गंमत म्हणजे तो रंग उन्हात वाळत न्हाई, ओल्या कपाटात ठेवला तरच वाळतो. आपल्या पाथर्डीत जन्मात वाळला नसता! ओल्या चिकावर बारीक नळीतून सोन्याची पूड शिंपडतो, परत चीक, परत घासायचं, परत चीक. एका पेनाला अर्धं वरीस.

म्हणून म्हणतो, राग सोड. पुढच्या खेपेला त्याच्याकडनं हुबेहूब बगळा करून घेतो.

पाथर्डीला छबू अन् आमची लेकरं बरी असतील. दादांना नमस्कार लिहिला हाय.

तुझा,
बन्सी


संगमनेर,
ता. २२ डिसेंबर १९७१

चि. बन्सीस,
आशीर्वाद.

लढाईमुळे टपाल रखडलं होतं. तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना उठून माझ्या पत्राचं कच्चं काढलं, जे मी नेहमी ठेवते, आणि ओळ न् ओळ तपासली.

कोणतं पेन गेलं ते मी लिहिलंच नव्हतं.

मी म्हटलं होतं, लिहायला मन घेत नाही. सहा पेनं आहेत. काळं, तपकिरी, शिंपल्याचं, उडता चतुर काढलेलं, हिरवं आणि बगळ्याचं. सोन्याचं काम म्हणशील, तर ते चतुराच्या पेनावरही आहे. तुला कोबेत बसून कसं कळलं, बगळाच गेला म्हणून? दादांनी कळवलं म्हणू नकोस. दादा पत्रात ज्वारी आणि विहीर यांच्यापलीकडे काही लिहीत नाहीत, आणि स्वतःची चूक तर मुळीच नाही.

तू आधीच जाणत होतास. खरं काय ते लिही. गोड बोलून मला गुंडाळू नकोस, ते काम गावात पुष्कळजण करतात.

आणि "हुबेहूब" म्हणजे काय रे? तूच लिहितोस, एका पेनाला अर्धं वरीस लागतं. त्या म्हाताऱ्यानं त्या अर्ध्या वर्षात एक बगळा काढला, एका पायावर उभा, मान जरा जास्तच वाकलेली. कदाचित त्या दिवशी त्याचा हात जड होता. ती वाकलेली मान मला आवडते. दुसऱ्या पेनावर दुसरा बगळा असेल, चांगला असेल, पण तो हा नसेल. लेथावर काम करणाऱ्या माणसाला हे मी सांगायला हवं?

मी सासरहून परत आले तेव्हा तू लहान होतास. माझ्याबरोबर दिलेली भांडी त्यांनी ठेवून घेतली. तांब्या-पितळेवर नाव कोरलेलं होतं, पण तेही बाबांचं. माझं नव्हतंच, मग मागणार काय? नंतर शिकले, नोकरी लागली, तरी घरात माझं म्हणावं असं काही झालं नाही. मी पाथर्डीला आले की माझी शाल वहिनी घेतात, छत्री दादा नेतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. फक्त ही सहा पेनं वेगळी होती. ती मी कुणाला हात लावू देत नव्हते. म्हणून घरात मला हसतात, हेही मला ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहते. ते खरं असू दे.

मालन


मुरगाव बंदर, गोवा
ता. २० जानेवारी १९७२

ती. आक्कास,
सा. नमस्कार.

खरं पायजे तर घे खरं.

दादांचं पत्र मला ऑगस्टातच आलं हुतं. पुढाऱ्याला द्यायला जपानी पेन आण म्हणून. आमची फेरी त्या वेळी इराणकडं हुती, जपानला दिवाळीआधी जाणं नव्हतं. मी लिहिलं, आक्का दिवाळीला येईल तवा तिच्या पेटीतलं घ्या. बगळ्याचं घ्या, तेच भारी दिसतं. तिला मी मागाहून समजावतो. असं लिहिलं मी. झालं?

तू म्हणशील का लिहिलं. छबू अन् दोन लेकरं कुणाच्या घरात हायत? दादांच्या. मी वर्साला एकदा येणार, महिनाभर ऱ्हाणार. बाकी अकरा महिने त्यांचं आजारपण, शाळा, सगळं दादांच्या हातात. त्या माणसानं एक पेन मागितलं तर मी "न्हाई" म्हणू? तुझ्या पेनासाठी माझ्या लेकरांवर राग निघू दे?

अन् आता रागाचंच बोलायचं तर मलाबी राग हाय. ती पेनं कुणी आणली? बाकीचे लोक बंदरावर उतरले की बाजारात फिरायचे, सिनेमा बघायचे. मी टेकडी चढून म्हाताऱ्याचं लेथ दुरुस्त करत बसायचो, माझ्या सुट्टीच्या दिवशी, इंजिनात सोळा-सोळा तास उभं ऱ्हाऊन झाल्यावर. का? आक्काला आवडतं म्हणून. मी आणून दिलं, अन् त्यातलं एक घ्या म्हणायचा एवढाबी हक्क मला न्हाई? तू कधी इचारलंस, बन्सी, तुझे हात कसे हायत? पत्रात नुसतं जांभळ पिकलं अन् शिंपला चमकला.

लिहू नये ते लिहिलं. पण पत्र फाडत न्हाई.

बन्सी


संगमनेर,
ता. २ फेब्रुवारी १९७२

मा. श्रीमंतराव यांस,
स. न. वि. वि.

मी पाथर्डीच्या आबासाहेबांची धाकटी बहीण. इथल्या कन्याशाळेत शिक्षिका आहे. गेल्या पाडव्याला आमच्या घरी आपणांस जे पेन भेट मिळालं ते आबासाहेबांचं नव्हतं. ते माझं आहे. त्याच वेळी पंगतीत मी तसं म्हणालेही होते; आपणांस ते थट्टेचं वाटलं.

दुसऱ्याची वस्तू नकळत आपल्याकडे आली, यात आपला दोष नाही. पण आता आपणांस कळलं आहे. तरी ते परत पाठवावं.

तोपर्यंत कृपा करून टोपण ओढू नये, फिरवावं. उन्हात ठेवू नये. स्पिरिटनं पुसू नये. शाई भरायची असल्यास मागचा भाग उघडून ड्रॉपरनं भरावी, म्हणजे ते चालतं. ते उत्तम चालतं.

कळावे,
मालन, शिक्षिका


पाथर्डी,
ता. २३ फेब्रुवारी १९७२

चि. मालन हिस,
आशीर्वाद द्यायचं मन न्हाई, पण रीत म्हणून.

तू आमचं नाक कापलंस. मुंबईच्या माणसाला परस्पर पत्र घालतीस? आबासाहेब बहिणीच्या चोरीच्या वस्तू भेट देतो, असं जिल्हाभर झालं. तिकीट गेलं. यादीत माझं नाव न्हाई. तुझ्या एका पत्रानं घराचं वाटोळं झालं.

अन् ज्याच्यासाठी एवढा तमाशा केलास ते काय निघालं? श्रीमंतरावांनी सराफाकडं दिलं हुतं. त्यानं घासून बघितलं. यात सोनं न्हाईच, नुसती वरवरची पूड, म्हणला. त्यांनी ड्रायव्हराच्या हाती परत धाडलं अन् वर निरोप, "आबासाहेब, भेट तरी खरी द्यायची." ऐकून मला मेल्याहून मेल्यागत झालं.

ते अवदसेचं पेन मी छबूला चुलीत टाकायला सांगितलं. माझ्या डोळ्यांदेखत जळालं. विषय संपला. आता बन्सी आल्याशिवाय ह्या घरी येऊ नको. अन् बन्सीलाबी कळव, भाऊबंदकीच करायची असंल तर आपली बायकापोरं दुसरीकडं ठेव म्हणावं.

आबासाहेब


संगमनेर,
ता. १६ मार्च १९७२

चि. बन्सीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जानेवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दोन वेळा लिहिलं आणि फाडलं. आता लिहायलाच हवं. छबू आणि दोन्ही लेकरं माझ्याकडे आहेत. सुखरूप आहेत, घाबरू नकोस.

दादांचं पत्र मिळालं. पेन जळालं हे वाचून मी पेटी उघडून त्याची रिकामी खाच बघत बसले. आणि तिकिटाचं खापर माझ्यावर! यादी पेपरात छापून आली त्याच्या चार दिवसांनंतर मी श्रीमंतरावांना पत्र टाकलं होतं. तारीख बघायचीही तसदी नाही. घरात एक बाई मिळाली दोष द्यायला, की पुरे.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, दारात छबू. एका कडेवर धाकटा, दुसऱ्या हाताला थोरली, डोक्यावर बोचकं. पाथर्डीहून नगर, नगरहून संगमनेर, दोन एस.ट्या बदलून एकटी आली. याआधी ती बाजारालासुद्धा एकटी गेलेली नाही.

पाणी प्यायच्या आधी तिनं पदराची गाठ सोडली. "वन्सं, हे घ्या."

माझं पेन होतं, बन्सी.

"दादांनी तर जाळलं म्हणून लिहिलंय," मी म्हटलं.

"रवीचा तुटका दांडा टाकला चुलीत. त्यांच्यासमोरच टाकला. त्यांना काय, काळं लाकूड ते काळं लाकूड. जळेस्तोवर बघत बसले."

मी हसले, मग रडले. पेन उलटंपालटं केलं. सराफानं बगळ्याच्या अंगावरच घासलं आहे. पाय गेला. मान अर्धी गेली. तिथे चीक खरवडून खालचा काळा भाग उघडा पडला आहे. अर्धं वर्ष एक माणूस ओल्या कपाटाशी बसला, आणि दुसऱ्यानं दोन मिनिटांत कसोटीवर ओढून सांगितलं, यात काही नाही! यांना सोन्याचं वजन तेवढं कळतं. मी खोलीत येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं बोलत होते. श्रीमंतराव, सराफ, दादा, तू, कुणाला सोडलं नाही.

छबू भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "पेटी मीच उघडली हुती, वन्सं. तुमी न्हायला गेल्ता तवा किल्ली माझ्यापाशी दिल्ती. दादा म्हणले, बन्सीचं सांगणं हाय. मी काय करणार? कुणाचंबी सांगणं असलं की ते मीच करायचं असतं."

मी येरझाऱ्या थांबवून तिच्यासमोर खाली बसले.

"तुमच्या भावानं आठ वर्सात तुमाला सहा पेनं आणली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला एकदा नायलनचं लुगडं आणलं. ते जाऊबाईंनी नेसलं. मी काय बोलले न्हाई. तुमी बोलल्या तुमच्या पेनासाठी. मला वाटलं, आसंबी बोलता येतं तर. पन वन्सं, माझ्या लुगड्याचं तुमाला कुनी सांगितलं न्हाई, अन् तुमी कधी इचारलंबी न्हाई."

खरं आहे. मी त्या घरी दर दिवाळीला जात होते. ती माझं पाणी तापवत होती आणि मी तिला किल्ली सांभाळायला देत होते. माझी वस्तू माझी, हे मला फार चांगलं कळत होतं. तिची म्हणून काही वस्तू असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पेनासाठी ती निघून आली नाही. दादांनी लेकरांसमोर तिला फुकटखाऊ म्हटलं, हे एक. आणि दुसरं ऐक. तुझं पत्र येतं ते दादांच्या नावे. दादा वाचतात, घडी घालतात आणि तिला सांगतात, "बन्सी बरा हाय म्हन." ती म्हणाली, "चार पानांचं पत्र असतंय, वन्सं. मी बघते ना, दोन्ही बाजूनं भरलेलं. अन् माझ्या वाटणीला तीन शब्द."

तू मला विचारलं होतंस, तुझे हात कसे आहेत हे मी कधी विचारलं का. नाही विचारलं. ती माझी चूक. आता विचारते. हात कसे आहेत? पण माझी चूक मी मान्य केली म्हणून तुझी फिटत नाही. आणून देणं म्हणजे देणं नव्हे, बन्सी. दिलं की ते आपलं राहत नाही. तू मला सहा पेनं आणून दिलीस आणि सहाही तुझ्याच मुठीत ठेवलीस.

छबू इथेच राहील. दादा न्यायला आले तरी ती जायची की नाही, हे ती ठरवेल.

मालन


कोबे बंदर, जपान
ता. ४ मे १९७२

ती. आक्कास,
बन्सीचा सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. हात बरे हायत. उजव्याची दोन बोटं नीट मिटत न्हाईत, वाफेचा चटका बसल्ता मागल्या वर्षी. लिहिलं नव्हतं.

मी चुकलो. एवढं लिहायला दोन पानं फाडली.

म्हाताऱ्याकडं गेल्तो. सराफाचं सांगितलं त्याला, अर्धं हातवाऱ्यांनी. दगडावर घासून दाखवलं. त्यानं लेथावरचा पाय काढला. उठून आतल्या खोलीत गेला तो लई वेळ बाहेरच आला न्हाई. मला वाटलं, हाकलून देतो आता. मग आला अन् कागदावर पेनाचं चित्र काढून मला खूण करून दाखवायला लावली, कुठं कुठं घासलंय. मग म्हणला, पाठव. सगळं खरवडून परत करतो. वरीस लागंल. त्याचे हात आता पयल्यासारखे ऱ्हायले न्हाईत, हे मी बघितलं, पण तो म्हणतोय तर करंल.

पेन नीट कापसात गुंडाळून मुरगावच्या एजंटाकडं पाठव, मी पुढच्या खेपेला घेऊन येतो.

दादांना मी लिहिलंय की बायकापोरं तुझ्याकडंच ऱ्हातील. काय लिहिलं ते तुला सांगत न्हाई, पण नमस्कार लिहिला न्हाई.

छबूला सांग, मी बरा हाय.

तुझा,
बन्सी


संगमनेर,
ता. १८ जून १९७२

चि. बन्सीस,
अनेक आशीर्वाद.

बोटांना रोज कोमट तेल लाव. जहाजावरच्या डॉक्टरला दाखव, लपवू नकोस. आणि यापुढे असं काही झालं तर लिही. मी विचारायची वाट बघू नकोस.

म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग. तो रागावला हे ऐकून मला किती बरं वाटलं ते त्याला कसं सांगशील, तू बघ. पण पेन मी पाठवू शकत नाही. ते आता माझं नाही.

मार्चपासून छबू रोज संध्याकाळी माझ्याजवळ पाटी घेऊन बसते. सकाळी शेजारणींबरोबर विड्या वळते, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी बाराखडी. लहानपणी दुसरीपर्यंत गेलेली होती, सगळं विसरली नव्हती. पाटी संपून वही आली तेव्हा तिला पेन हवं होतं. मी पेटी उघडली आणि म्हटलं, हवं ते घे. ती बराच वेळ बघत राहिली. तिनं बगळ्याचं घेतलं. म्हटलं, अगं, ते घासलेलं आहे. म्हणाली, "असू द्या. चालतंय ना?"

मी दिलं. ते दुरुस्तीला पाठवायचं की नाही, हे तिला विचार. पण माझ्यामार्फत नको. "छबूला सांग, मी बरा हाय" हे तुझं वाक्य मी तिला सांगितलेलं नाही. तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते स्वतः वाचलं. तासभर लागला. पुढचं तिनंच लिहिलं आहे. मी एक अक्षरही सुधारलेलं नाही.

मालन


श्री. बन्सी यास छबूचा नमस्कार

पत्र वाचलं. चार पानं हुती. शेवटच्या वळीत माझं नाव सापडलं. त्याच्या आधी कुटंच न्हाई.

तुमी बरे हाय हे मला आठ वर्सं दुसरेच सांगत आले. तुमचा हात भाजला ते मला वन्संनी न्हाई सांगितलं दादांनी न्हाई सांगितलं तुमी न्हाई सांगितलं. मी तुमची बायको हाय का नुसती दादांच्या घरात ठेवलेली पेटी.

थोरलीला शाळेत घातली. तिचं अक्शर माज्यापेक्शा चांगलं हाय. धाकटा तुमाला वळखनार न्हाई मागल्या वेळीबी रडला हुता. मी विड्या वळते. रानात जात न्हाई. दादा दोनदा न्यायला आले. मी न्हाई म्हनले. मोटर उबीच हुती तासभर. मग गेली.

मला लुगडं नको. पेन नको. म्हाताऱ्याला सांगा लई तरास घेऊ नका पेन चालतंय.

मला लिवता येत नव्हतं म्हून तुमी लिवलं न्हाई आसं वन्सं म्हनतात. मला तसं वाटत न्हाई. तुमी कुनाला तरी वाचायला लावून मला पाटवू शकला आसता. एकदा तरी. त्याचं उत्तर मला पायजे. तुमच्या हाताचं पायजे. बोटं दुकत आसली तर थोडं थोडं लिवा चार दिवस लागू द्या. पन माज्या नावानं पाटवा. पत्त्यावर वर छबूबाई बन्सी आसं लिवा. पोस्टमन मला वळकतो.

छबूबाई